पान सकाळी पाहायचं

अक्का, जन्मभर मी तुला अहो-जाहो केलं. थोरल्या जावेला अगं-तुगं करायची आपल्या घरात रीत नाही. आज करतेय. तू जाऊन वीस दिवस झाले, आता रागावलीस तरी माझं काय करणार आहेस? आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अहो-जाहोत रंगत नाही.

पण आधी वावराचं सांगते. तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. पाऊस नाही. तू गेलीस तो कोरडा सहावा दिवस होता, आज सव्विसावा आहे. रोज दुपारी ढग येतात, जानेफळवर जरा रेंगाळतात आणि मेहकरच्या पलीकडे कुठेतरी जाऊन रिकामे होतात म्हणे. सोयाबीन ऐन फुलात सापडलं. आपल्या विहिरीचं पाणी जनावरांना पुरतंय, तेवढंच पुष्कळ. काळ्या जमिनीला भेगा पडल्यात, माझ्या चपलेचा अंगठा अडकतो त्यात. गावात लोकांनी रोटाव्हेटर लावायला सुरुवात केली. "काय ठेवता त्यात, मोडून टाका, हरभरा तरी साधंल," हे वाक्य मी गेल्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की माझं डोकं उठलं.

तुला तुझी ही धाकटी जाऊ पहिल्या वर्षी कशी होती ते आठवतं का? आठवत असणारच, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तू ते सांगायचीस. माझं माहेर देऊळघाटचं. तिथे आमचा भाजीपाला, विहिरीला बारमाही पाणी. पीक सुकलं की मोटर चालू करायची, एवढीच मला शेती ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात एका दुपारी मी वावरात गेले, आणि पाहते तर सगळं सोयाबीन पांढुरकं पडलेलं. पानं उलटी झालेली, पाठ वर आणि पोट खाली. घरी कोणाला विचारायचं सोडून मी दोन पानं पिशवीत घातली आणि थेट कृषी केंद्रात गेले. दुकानदाराने पान उलटसुलट केलं आणि एक बाटली दिली. मी पाठीवर पंप घेतला आणि दोन टाक्या फवारूनही टाकल्या.

संध्याकाळी तू आलीस. "काय करून राह्यली व?"

"रोग पडला, अक्का. पानं उलटी झाली सारी."

तू बांधावर बसलीस आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हसलीस. मला रडू फुटलं तेव्हा थांबलीस. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत माझं मनगट धरून मला वावरात घेऊन गेलीस. पानं सरळ होती. हिरवीगार, ताठ, काल काही झालंच नव्हतं अशी.

"आता दाखव तुया रोग," तू म्हणालीस. "अवं, ऊन झेपत नाई म्हून ते दुपारी पान उलटं करते. पांढरी पाठ दाखवते उन्हाले. सकाळी उभं दिसलं त समजायचं, मुळीले खाली पानी भेटून राह्यलं. सकाळीबी मान खाली असली, त मंग काई खरं नाई. म्हून पान सकाळी पाह्यचं. दुपारी पाह्यलं त मानसावरचाबी भरोसा उडते."

तेव्हापासून मी 'तहानेवर औषध मारणारी'. तेवीस वर्षं तू मला ते नाव लावलंस. मला त्याचा राग यायचा, अगदी खरा राग यायचा. आता कोणी ते नाव घेत नाही तर घर सुनं वाटतं.

त्याच आठवड्यात तू खुरप्याने एका झाडाच्या बाजूची माती काढलीस. वरची माती पिठासारखी कोरडी. तू खणत गेलीस, कोपरापर्यंत हात आत गेला तरी मूळ संपेना. मग माझी बोटं धरून तळाशी लावलीस. तिथे माती गार होती. मुळावरची एक गाठ नखाने फोडून दाखवलीस, आतून गुलाबी निघाली. "जित्तं हाय," एवढंच म्हणालीस आणि खड्डा बुजवून टाकलास. मी बारावी शिकलेली, तू चौथीतून सुटलेली. पण बाई, त्या दिवशी मला कळलं की शाळा कुठे भरते.

आपलं भांडण सुरू झालं ते फुलांवरून. पाऊस ताणला की सोयाबीन फुलं गाळतं. सकाळी झाडाखाली जांभळट पांढरा सडा पडलेला असायचा. तू म्हणायचीस, "झेपते तेवढंच ठेवते, बाकीचं सोडून देते. शेंगा कमी धरंल, पन धरंल." मी म्हणायचे, ही कसली हुशारी? ही तर हार आहे. फूल टाकून द्यायचं, दाणा बारीक करायचा आणि वर म्हणायचं की तगलं. तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "हरलं असतं त उभं राह्यलं असतं काय?" आणि मी म्हणायचे, "नुसतं उभं राहून काय उपयोग?" हे भांडण आपण चुलीपुढे केलं, बांधावर केलं, शेगावला दर्शनाच्या रांगेत केलं. पुढच्या बायका वळून वळून पाहत होत्या. ते मिटलं नाही. तू मध्येच उठून निघून गेलीस. याला काय म्हणायचं? मी तरी याला तुझी जीत म्हणणार नाही.

आणि तू दर वेळी बरोबर होतीस असंही नाही, हेही लिहून ठेवते. गेलेल्या माणसाचं सगळंच गोड सांगायची लोकांना सवय असते, मला नाही. एका वर्षी तू अशीच थांबलीस, थांबलीस, आणि शेवटी हाती काय आलं? कुटार. नुसतं कुटार, जनावरांपुढे टाकायला. मी म्हटलं, "काय मग अक्का, पान उभं होतं ना?" तू कुटाराचा भारा डोक्यावर घेतलास आणि म्हणालीस, "कुटार त आलं नं." असल्या बाईशी कोण बोलणार?

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच वर्षाबद्दल. ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. आपण दोघींनी त्याचा विषय कधी काढला नाही.

वाटण्या होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मधे एक बांध, अलीकडे माझं सोयाबीन, पलीकडे तुझं. असाच पावसाचा खंड पडला होता. मी भर दुपारी दोन वाजता वावरात उभी राहिले, पडलेली पानं पाहिली आणि ट्रॅक्टर बोलावला. तू बांधावरून ओरडलीस, "सकाळी पाह्य व! एक सकाळ थांब!" मी म्हटलं, "तुमचं तुम्ही पाहा." मी ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि माझं सगळं पीक मातीत गेलं. तू बांधावर उभी राहून ते पाहिलंस. नवव्या दिवशी पाऊस आला. तुझ्या झाडांनी पुन्हा फुलं धरली. दाणा बारीक होता, पण कोठी भरली. माझ्या बाजूला काळी, उघडी, ओली जमीन होती.

त्या वर्षी तू तुझ्या बियाण्यातलं पोतं माझ्या ओसरीत आणून ठेवलंस. टाकलं नाहीस. खाली फळी घातलीस आणि लेकराला पाळण्यात ठेवावं तसं अलगद ठेवलंस, कारण सोयाबीनचं पोतं आपटलं की बी मुकं होतं, उगवत नाही. मी म्हणाले, "तुमचं नशीब चांगलं होतं." तू फक्त म्हणालीस, "नशीब कायचं व. पान." आणि गेलीस.

मी चुकले होते, अक्का. बघ, किती सोपं वाक्य आहे. इतकी वर्षं ते बोलायचं राहिलं. त्या पोत्यातलंच बी मी दर वर्षी राखत आले आणि दर वर्षी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून उगवण पाहताना ते वाक्य जिभेवर यायचं. मी गिळून टाकायचे. तू वाट पाहत होतीस का? मला वाटतं, नसशील. त्याचाच मला जास्त राग येतो.

आता शेवटच्या सकाळचं. तू आठ दिवस अंथरुणाला खिळलेली. एकेक गोष्ट सोडत गेलीस. आधी भाकरी सोडलीस, मग चहा, मग बोलणं. पण त्या सकाळी मी तुझं तोंड पुसत होते तेव्हा तू डोळे उघडलेस आणि अगदी स्वच्छ विचारलंस, "सकाळी पान पाह्यलं काय व?"

मी म्हटलं, "हाव. उभी हायेत सारी."

तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. दुपारपर्यंत तू नव्हतीस.

मी वावरात गेले नव्हते, अक्का. त्या दिवशीही नाही, त्याच्या आधीचे चार दिवसही नाही. तुझ्या उशाशीच होते. मी न पाहता सांगितलं. एकीच्या तोंडून निघालेल्या शेवटच्या प्रश्नाला दुसरीने थाप मारून उत्तर दिलं.

त्यानंतर सुतक होतं, पाहुणे होते, वावरात न जायला कारणं पुष्कळ होती. खरं कारण एकच होतं. गेले असते आणि माना खाली दिसल्या असत्या तर मी कोणत्या तोंडाने तुझा पाट मांडला असता? दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा सगळ्यांनी आपापली वचनं तयार ठेवली होती. आबांना, तुझ्या मालकांना, सांभाळू म्हणून, नातीचं शिक्षण करू म्हणून. कावळा शिवला नाही की एकेक बोलायचं. आणि तू काय केलंस? पिंड ठेवून लोक चार पावलं मागे सरतात न सरतात, तोच कावळा उतरला. कोणाला बोलूच दिलं नाहीस. बायका म्हणाल्या, "पुण्यवान बाई, काई अडकलं नोतं तिचं." मी मनात म्हटलं, तिचं नाही अडकलं, माझं अडकलंय, माझ्यासाठी तरी जरा थांबायचंस.

तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी दुपारी तुझ्या प्रशांतने ट्रॅक्टर बोलावला. मी त्याला दोष देत नाही. संभाजीनगरला कंपनीत त्याची नोकरी, सुट्टी संपलेली, बापाचे गुडघे गेलेले. त्याचं गणित सरळ होतं. मी कपडे वाटायच्या ढिगातून तुझं एक जुनं लुगडं मागून घेत होते तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज ऐकला. लुगडं तसंच काखेत मारलं आणि पळाले. या वयात पळाले, अक्का. वाटेत दोनदा चप्पल भेगेत अडकली, ती तिथेच सोडली.

तुझ्या वावराच्या तोंडाशी, ट्रॅक्टरच्या पुढ्यात, मी बसकण मारली.

ट्रॅक्टरवाला गजू वरून म्हणाला, "काकू, बाजूले व्हा नं."

"सकाळी ये."

"सकाळी काऊन? आता काय हाय त्यात? पाहून राह्यले नं तुमी, सारं पडेल हाय."

"दुपारच्याले कोनाचंबी तोंड उतरते, गजू. तुयंबी उतरलं हाय. म्हून काय तुले मोडून टाकावं?"

तो हसला, पण प्रशांत हसला नाही. म्हणाला, "काकू, मले परवा हजर व्हावं लागते. बाबाच्यानं आता वावर होत नाई. तुमचं तुमी ठेवा नं, आमचं आमाले पाहू द्या."

आमचं. तुमचं. पोराने मुद्दाम नाही म्हटलं, पण मला ते लागलं. लहानपणी त्याच्या ताटलीतला भात मी कालवलेला. बांधावर जमलेल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उद्या गावात म्हणतील, जाऊ गेली नाही तोच धाकटीने वावर दाबलं. म्हणू देत.

आबा तिथेच काठी टेकून उभे होते. तुला माहीतच आहे, तेवीस वर्षांत मी त्यांच्याशी थेट बोलले नव्हते. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आपली रीत. काही सांगायचं तर तू मधे. "अक्का, आबांना म्हणावं चहा ठेवलाय." तीन हातांवर आबा, आणि निरोप तुझ्यामार्फत. आता मधे कोणी नव्हतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि सरळ त्यांच्याकडे पाहून बोलले.

"आबा, हे अक्काचं बी हाय. घरचं बी. आज मोडलं त तिच्या हातचं शेवटचं पीक संपलं. एक सकाळ द्या मले. सकाळी माना खाली असल्या त मीच ट्रॅक्टरले हात करीन."

बोलले खरी. मला काहीच माहीत नव्हतं, अक्का. मी तेव्हाही न पाहताच बोलत होते.

आबांनी काठीचं टोक मातीत रोवलं. मग म्हणाले, "गजू, ट्रॅक्टर घरी ने." आणि प्रशांतकडे वळून, "तिनं मलेबी कधी दुपारी पाहू देल्लं नाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघं गेलो. आबा हळूहळू, प्रशांत हात खिशात घालून, मी सगळ्यात पुढे आणि अनवाणी. वरचा एकर आधी लागतो, तो मुरमाड. तिथे माना खाली होत्या. पानं ओघळलेली, कडा करपलेल्या, हात लावला तर चुरा.

मग उताराने खाली आलो, काळ्या जमिनीत.

तिथे तुझ्या सऱ्या होत्या. आजारी पडायच्या आधी, पीक लहान होतं तेव्हा, तू कोळपणीच्या डवऱ्याला खालून जुन्या लुगड्याची दोरी गुंडाळून चार-चार ओळींआड सरी काढून घेतली होतीस. तेव्हा पाऊस चांगला होता आणि सगळं गाव हसलं होतं. "अक्का, पानी हाय तं सऱ्या कायले?" तू म्हणाली होतीस, "हाय तवाच साठवावं लागते." त्या सऱ्यांत जिरलेलं पाणी खाली कुठेतरी होतं. कारण दोन एकर सोयाबीन सकाळच्या कोवळ्या उन्हात मान वर करून उभं होतं. खाली फुलांचा सडा पडलेला, टाकायचं ते सगळं टाकून दिलेलं. पण पेरापेरावर बारीक, चपट्या, लव असलेल्या शेंगा धरलेल्या. थोड्या होत्या, पण होत्या.

मी खाली बसले आणि मोठ्याने रडले. तुझ्या मयतीत मी अशी रडले नव्हते. प्रशांतने एक शेंग बोटांत धरली, तोडली नाही. म्हणाला, "आई फोनवर मले हेच सांगे. गावाकडं पाऊस कसा हाय, हे नाई. पान कसं हाय, हे."

वरचा एकर मीच दाखवून दिला. दिलेला शब्द होता. गजूने तो मोडला, तिथे आता हरभरा येईल. मोडताना मी तोंड फिरवलं नाही. खालच्याला हात लावू दिला नाही.

तर आपल्या भांडणाचं असं आहे, अक्का. फुलं टाकणं ही हार की हुशारी, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि तुला मी सहजासहजी जिंकू देणार नाही. पाऊस येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर दाणा भरेल. नाही आला तर पायलीभर बी निघेल, तेवढंही नाही निघालं तर कुटार येईल. पायलीभर निघालं तर ते मी फळीवर ठेवीन, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात घालीन, आणि पुढच्या वर्षी तुझ्या वावरात तेच पेरीन. लोक हसोत. तुझ्या लुगड्याची दोरी मी वळून ठेवलीय, गोठ्यात खुंटीला टांगलीय. पुढच्या वर्षी सऱ्या मी काढणार आहे, पाऊस असताना.

प्रशांत परत गेला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "काकू, पान?" मी सांगते. आबाही मला थेट विचारतात आता. ओसरीतून हाक मारतात, "पाह्यलं काय?"

आज उजाडताच जाऊन आले. दव नव्हतं, पायाला माती गार लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, एकही ओळ सोडली नाही.

उभी आहेत, अक्का. या वेळी पाहून सांगतेय.